चकवा म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात 'चकवा' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावा लागतो तो पाहुण्यांना, आणि पुण्याला नोकरीला लागून दिवाळीपुरत्या गावी येणाऱ्या आमच्याच पोरांना. गेल्या काही वर्षांत अशा मंडळींनी मला जे जे विचारलं, ते एका जागी लिहून ठेवतो. पुढच्या दिवाळीला तेवढंच तोंड वाचेल.

चकवा म्हणजे काय?

ओळखीच्या जागी वाट हरवणं. यातला 'ओळखीच्या' हा शब्द सोडला, तर सगळंच सुटलं. परक्या मुलखात रस्ता चुकला तर तो रस्ताच चुकला, त्याला कुणी चकवा म्हणत नाही. चकवा लागतो तो आपल्या वावरात, आपल्या पांदणीत, ज्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माणूस लहानपणापासून डोळे मिटून चालत आला त्याच धुऱ्यावर. चालून चालून तो पुन्हा निघाल्या जागी येतो. गाव उगवतीला असतं, पण त्याच्या जिवाला ते मावळतीला वाटत असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरचं झाड, विहीर, मोटरपंपाची पेटी दिसत असते, पण ती आपली वाटत नाही.

हे भूत आहे का?

कोकणात आणि घाटावर भुतांची नावं मोजताना मुंजा, वेताळ, खवीस, हडळ यांच्या रांगेत चकव्यालाही बसवतात. आमच्याकडे मात्र त्याला तोंड नाही, पाय नाहीत, तो कुण्या मेलेल्या माणसाचा झालेला नाही आणि तो निवद मागत नाही. तो फक्त लागतो. लहानपणी मी आबाजींना विचारलं होतं, चकवा दिसतो कसा. ते म्हणाले, "दिसला असता त मंग चकवा कायचा, बाप्पा?" या विषयावर यापेक्षा नेमकं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

शब्द आला कुठून?

'चकणे' या क्रियापदातून. चकणे म्हणजे फसणं, भलत्याला भलतं समजणं. रुसणे–रुसवा तसंच चकणे–चकवा. चकवणे हे त्याचंच दुसऱ्याला करायला लावणारं रूप.

गोल गोल फिरवतो म्हणून तो 'चक्रा'वरून आला असेल, असं पुष्कळांना वाटतं आणि ऐकायला ते पटतंही. पण संस्कृत चक्राचं प्राकृतात चक्क झालं आणि मराठीत आलं ते चाक होऊन. बंडीचं असतं ते. 'चक्रावणे' चक्रावरून आलं, हे मान्य. चकव्याचं घर वेगळं.

गंमत अशी की चक्रापासून आलेला एक चकवा खरोखरच आहे, पण तो पक्षी. संस्कृत चक्रवाक झिजत झिजत चकवा झाला. हिंदीत चकवा-चकवीची जोडी म्हणतात ती हीच. नारिंगी-बदामी रंगाचं हे बदक हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर उतरतं. जुन्या काव्यात चक्रवाकाच्या जोडीला शाप आहे: दिवस मावळला की दोघांची ताटातूट, मग रात्रभर दोन काठांवरून एकमेकांना हाका. म्हणजे नाव एक, मूळ वेगळं, आणि दोघांचाही धंदा रात्री चुकामूक करण्याचा! भाषेत असे योगायोग सापडले की मी अर्धा दिवस खुशीत असतो.

पेपरात 'पोलिसांना चकवा देऊन आरोपी पसार' असं छापतात, तो चकवा हाच का?

शब्द तोच, क्रियापद बदललं. चकवा *देणारा* माणूस हुशार असतो: कबड्डीतला चढाईवाला किंवा मागच्या दारानं सटकलेला चोर. चकवा *लागतो* तेव्हा देणारा कुणीच नसतो. आणि मराठीत काय काय लागतं ते बघा: भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो. या सगळ्यांत 'मी' बाजूला सरून 'मला' झालेला असतो. 'मी वाट चुकलो' म्हणणारा चूक पदरात घेतो. 'मला चकवा लागला' म्हणणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. रात्रभर भटकून पहाटे घरी आलेल्या कास्तकाराची एवढी अब्रू भाषेनं राखावी, हे मला फार आवडतं.

'चकित'शी याचं काही नातं?

आवाज जवळचा आहे, आणि चकितचा स्वतःचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. आज आपण लग्नात जेवणाचा थाट बघून चकित होतो. संस्कृतात चकित म्हणजे दचकलेला, भ्यालेला. मेघदूतातला यक्ष बायकोचं वर्णन करताना 'चकितहरिणीप्रेक्षणा' म्हणतो, म्हणजे दचकलेल्या हरिणीसारखी जिची नजर आहे ती. हा यक्ष ज्या रामगिरीवर एकटा दिवस काढत होता, तो म्हणजे आपलं रामटेक असं मानतात. ज्यानं रात्री वाटेत उभं राहिलेलं हरीण बॅटरीच्या उजेडात पाहिलंय, त्याला ती नजर सांगायची गरज नाही. भीती झिजत झिजत त्या शब्दात नुसतं आश्चर्य उरलं.

तुम्हाला स्वतःला लागला होता का?

हो, एकदा. हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. त्या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची होती, म्हणून स्प्रिंकलरचे पाइप बदलायला मी साडेअकराला एकटाच गेलो. वावर आमचंच, सहा एकर, एका अंगाला तूर डोक्याच्या वर गेलेली. धुई, म्हणजे धुकं, उतरलेली. बॅटरीचा उजेड चार पावलांवर जाऊन दुधासारखा फाटत होता.

पाइप बदलले आणि घराकडे निघालो. दहा मिनिटांत पांदण लागायला पाहिजे होती. लागली एक बाभूळ. तिच्या काट्यांत खताच्या निळ्या थैलीचा तुकडा अडकून फडफडत होता. असेल, म्हटलं. चालत राहिलो. पुन्हा बाभूळ, पुन्हा निळा तुकडा. मनात म्हटलं, लोकांनी थैल्या कुठं कुठं फेकल्यात! आता हसू येतं, पण त्या वेळी मला दोन बाभळी आणि दोन थैल्या असणं पटत होतं, एकच बाभूळ दोनदा भेटणं पटत नव्हतं.

तिसऱ्यांदा बॅटरी खाली धरली. ओल्या मातीत चपलेचे ठसे होते, ताजे, पाण्यानं अजून भरायचे होते. माझ्या पाठीत काटा उभा राहिला, कारण माझा पहिला विचार होता: एवढ्या रात्री माझ्या वावरात दुसरं कोण फिरतंय? ठशाच्या टाचेला एक आडवी चीर होती. माझ्या डाव्या चपलेला होती तशी. चीर ओळखली, तरी पायाचा माणूस ओळखायला मला आणखी दोन-चार श्वास लागले.

शेजारच्या वावरात रानडुकरं राखायला जागली मचाणावर बसला होता. त्याला माझी बॅटरी तुरीआड फिरताना दिसत होती. त्यानं आवाज दिला, "थांब तठीच! हालू नोको, मी येतो." तो आला, मनगट धरलं आणि मला तीसेक पावलं चालवत नेलं. पांदण तिथंच होती.

हे फक्त आपल्याकडेच आहे, की बाहेरच्यांनाही असं वाटतं?

सगळीकडे वाटतं. जर्मन भाषेत 'उनहाइमलिश' असा शब्द आहे. हाइम म्हणजे घर. हाइमलिश म्हणजे एकीकडे घरचं, आपलंसं, आणि दुसरीकडे लपवलेलं, गुपचूप. कारण घरातलं ते चार भिंतींआडचं. त्याला नकाराचा 'उन' लागला की होतं उनहाइमलिश: बेचैन करणारं, अंगावर काटा आणणारं. १९०६ साली अर्न्स्ट येंच या मानसशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं. त्याचा भर अनोळखीपणावर आणि मनाच्या अनिश्चिततेवर होता. १९१९ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं या शब्दावरच एक लांब निबंध लिहिला आणि येंचला सांगितलं की एवढ्यानं भागत नाही. त्याचं म्हणणं असं की, नवं असतं म्हणून ते भिववत नाही. भिववतं ते कधीकाळी ओळखीचं असलेलं, मनानं दाबून टाकलेलं, आणि आता फिरून वर आलेलं.

आणि दाखला कशाचा दिला त्यानं? चक्क चकव्याचा! इटलीतल्या एका छोट्या गावात भर दुपारी तो फिरत होता. एका बदनाम गल्लीत शिरला, ओशाळून घाईनं बाहेर पडला, आणि वळणं घेत पुन्हा त्याच गल्लीत. परत निघाला, तर तिसऱ्यांदा तिथंच. धुक्यात रानात वाट चुकून पुन्हा पुन्हा एकाच खुणेपाशी येणाऱ्या माणसाचाही तो तिथंच उल्लेख करतो. व्हिएन्नाच्या डॉक्टरानं पानंच्या पानं लिहून जी भावना पकडली, तिला आमच्या जागल्याकडे तीन अक्षरांचा शब्द तयार आहे. (गल्ली बदनाम होती म्हणूनच पाय तिकडं वळत होते, असं आमचा जागली म्हणाला असता. फ्रॉइडच्या मनातही फार वेगळं नसावं.)

उनहाइमलिशला इंग्रजीत 'अनकॅनी' म्हणतात, त्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

एकच सांगता येत नाही, आणि जे शब्द सुचतात त्यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. 'विचित्र' घ्या. संस्कृतात त्याचा अर्थ रंगीबेरंगी, नाना रंगांनी नटलेलं, असा प्रशंसेचा. मराठीत येईतो रंग उडाले आणि नुसतं खटकणं राहिलं. 'चमत्कारिक'चं तेच झालं. चमत्कार म्हणजे काव्यशास्त्रात रसिकाला होणारा आनंद, हिंदीत अजूनही चमत्कारी बाबा असतो, पण मराठीत 'माणूस जरा चमत्कारिक आहे' म्हटलं की सोयरीक मोडते. 'भयाण' हा भयानकाचाच झिजलेला भाऊ. पण माझ्या कानाला त्यात ओसाडपणा जास्त ऐकू येतो. भयाण शांतता असते, भयाण वाडा असतो. गजबजलेली जागा कुणी भयाण म्हणत नाही. 'गूढ' हा गुह् म्हणजे लपवणे या धातूपासूनचा, गुहा आणि गुह्य यांचा सख्खा. हाइमलिशच्या लपलेल्या अंगाशी तो बरोबर जुळतो.

पण ओळखीचंच अनोळखी होण्याचा जो झटका आहे, तो यातल्या एकातही नाही. तो चकव्यात आहे. भाषांतर करणाऱ्यांनी 'अनकॅनी'ला कधी तरी 'चकव्यासारखं' म्हणून बघावं. जवळजवळ हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव बघताना मन आधी ओढलं जातं आणि मग अचानक शिसारी येते. जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये त्याला 'दरी' म्हटलं. तो तर चेहऱ्याचा चकवा झाला.

माणूस खरंच गोल फिरतो का?

फिरतो. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून २००९ साली प्रसिद्ध केलं. काही जणांना जर्मनीतल्या दाट रानात आणि काहींना ट्युनिशियातल्या सहारात सरळ चालत राहा म्हणून सोडलं आणि जीपीएसनं त्यांची वाट टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलं की रानातली मंडळी वेढे घालायला लागली आणि आपलीच वाट ओलांडून गेली, तेही पत्ता न लागता. वाळवंटात रात्री चाललेला एक जण चंद्र होता तोवर सरळ होता, चंद्र मावळल्यावर वळत वळत उलट्या दिशेला लागला. डोळे बांधून चालवलं तर कधी कधी अवघ्या २० मीटर रुंदीचे वेढे पडले.

एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, असं आपल्याकडेही सांगतात. ते त्यांनी पडताळलं. तसं असतं तर प्रत्येक जण नेहमी एकाच बाजूला वळला असता. पण तोच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. 'सरळ' म्हणजे काय याची शरीराची समजूत पावलागणिक थोडी थोडी सरकत जाते, आणि बाहेर टेकायला काही नसलं की ती सरकणूक साठत जाते.

मग आपल्या भागात चकव्याच्या इतक्या गोष्टी का?

जमीन बघा ना. काळ्या मातीचं सपाट रान, ना डोंगर ना टेकडी, दहा धुऱ्यांवर दहा सारख्या बाभळी. दिवाळीनंतर तूर माणसाला गिळते, पऱ्हाटी कमरेच्या वर. वरून धुई. आणि ओलीत असो की जागल, कास्तकाराला रात्रीच वावरात जावं लागतं. त्यात झोपमोड. टेकायला काही नको, वेळ रात्रीची हवी, माणूस एकटा हवा: चकव्याला लागणारं सगळं सामान आम्ही घरचंच पुरवतो.

अंगातले कपडे उलटे करून घातले की चकवा सुटतो, हे काय आहे?

सदरा उलटा घालायचा, नाहीतर डावी चप्पल उजव्या पायात. काही जण लघवी करायला बसायला सांगतात, काही जण बिडी पेटवायला. मला हे सगळं गावठी खूळ वाटायचं. मग कळलं की इंग्लंडमध्ये डेव्हनकडचे लोक पिक्सी नावाच्या चिमुकल्यांनी वाट चुकवली की कोट उलटा करून घालायचे. आयर्लंडमध्ये 'भुलीच्या ढेकळा'वर पाय पडला की माणूस स्वतःच्या शेतातून बाहेर पडू शकत नाही, आणि उपाय पुन्हा उलटा कोट. रशियात रानाचा धनी लेशी भुलवतो, तिथं कपडे उलटे आणि जोडे उलट्या पायांत. यातल्या कुणाची आमच्या जागल्याशी भेट झालेली नाही.

मला वाटतं कारण साधं आहे. सदरा उलटा करायचा तर थांबावं लागतं, बॅटरी खाली ठेवावी लागते, बटणं काढावी लागतात. तेवढ्यात श्वास खाली बसतो. बिडीचं तेच, आणि धूर कोणीकडे जातो त्यावरून वाराही कळतो.

भूलन कांदा खरा आहे का?

छत्तीसगढमध्ये मानतात की या कंदावर पाय पडला की माणूस वाट विसरतो, आणि दुसऱ्या कुणी स्पर्श केला की भानावर येतो. गोंदिया-गडचिरोलीची हद्द तिकडं लागूनच आहे. वनस्पती खरी, पण पायाखाली आल्यानं वाट विसरते हे मला पटत नाही. दुसऱ्याचा हात लागला की माणूस भानावर येतो, हे मात्र मनगटानं अनुभवलंय.

लागला तर काय करावं?

बसावं. जागच्या जागी. उठून पळणाऱ्याला चकवा काही करत नाही, करते ती कठडा नसलेली विहीर, धुऱ्यातली घोणस, आणि रानडुकरांसाठी कुणी चोरून सोडलेला तारेतला करंट. चंद्रपूरकडे वाघ आहे, बुलडाण्याकडे अस्वल.

आभाळ मोकळं असेल तर ध्रुव शोधा. आपल्या भागात तो उत्तरेला क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठींच्या जरा वर. सप्तर्षी, म्हणजे म्हातारीचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर, वर आलेले असतील तर बाजल्याच्या चोरांपासून लांबच्या दोन खुरांची रेघ सरळ त्याच्याकडे जाते. धुई असेल तर कुत्री कोणत्या अंगाला भुंकतात ते ऐका. काहीच नसेल तर पहाटेपर्यंत बसा. बायको बोलेल, बोलू द्या.

मोबाइल आल्यावर चकवा संपला असेल ना?

माझ्या खिशात होता. चार्जिंग होतं. नकाशा उघडावा हे सुचलंच नाही. आपल्याच वावरात कोण नकाशा उघडतं?

आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला गावातल्या गावातच वारंवार चकवा लागतो. काय करावं?

तो चकवा नव्हे. दिवसा, रोजच्या वाटेवर, पुन्हा पुन्हा घर सापडत नसेल तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. डॉक्टरला दाखवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी भांबावला, घामाघूम झाला, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर आधी गूळ-साखर तोंडात घाला आणि लगेच दवाखाना गाठा. कपडे उलटे करत बसू नका.

अंधारातून कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यावी का?

जुनी माणसं सांगतात, पहिल्या हाकेला देऊ नये, दुसऱ्याही नाही. हाकामारी असते. तिसरी हाक आली तर ती माणसाची. मी विज्ञान शिकलोय, पोरांना शिकवतोही. त्या रात्री जागल्यानं 'थांब तठीच' म्हणायच्या आधी माझं नाव घेऊन हाका मारल्या होत्या. आवाज ओळखीचा होता, वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याचा. पहिल्या दोन हाकांना मी त्या बाभळीखाली बॅटरी विझवून, तोंडावर हात धरून उभा होतो.




तिसरीला ओ दिली.